चार अक्षरांचा हाय

इंग्रजीतल्या चार अक्षरांनी मोहिनीची नोकरी वाचवली होती. चौकशी समितीने पाठवलेल्या कागदांच्या सोळाव्या पानावर ती अक्षरं होती. फोनच्या पडद्यावर वाचून तिचा विश्वास बसेना, म्हणून आदल्या दिवशी दुपारी ती पाटोद्याला जाऊन सगळी पानं छापून घेऊन आली. झेरॉक्सवाल्याने पानं सारखी करत विचारलं, "ताई, कोर्टाचं काम हाय का?" तिने नाही म्हटलं. तसं ते कोर्टाच्याच जवळचं होतं.

मोहिनी एका विमान कंपनीत सहवैमानिक होती. होती म्हणायचं की आहे म्हणायचं, ते आज सकाळी अकरा वाजता ठरणार होतं. गेले तीन आठवडे तिला विमानात पाऊल ठेवायला बंदी होती आणि ती वस्तीवर येऊन राहिली होती. वस्ती पाटोद्यापासून कोसभर, डोंगराच्या कडेला. आजूबाजूला शेजार नाही, आहेत ती मेंढरं. तिचे वडील तात्याबा, ज्यांना ती दादा म्हणे, त्यांची सत्तर मेंढरं, आणि त्या सत्तरांना तात्याबा सोडून जगात दुसरं कुणी चालत नाही. मोहिनी लहानपणी त्यांच्यामागे रानोमाळ फिरली, मग शिष्यवृत्तीवर शिकत शिकत थेट ढगांत गेली. वस्तीवरच्या कुणाला यात फार मोठं काही घडलं असं वाटत नसे. तात्याबा तर कुणी विचारलं की सांगत, "पोरगी लांब चारायला जाती."

झालं होतं ते असं. डोंगरांत वसलेल्या एका शहराच्या विमानतळावर ते उतरत होते. भर सकाळची वेळ, पण खिडकीबाहेर नुसते पांढरे ढग. विमानात एकशे बेचाळीस प्रवासी. डाव्या खुर्चीत कॅप्टन सोमेश्वर, आणि विमान त्याच्या हाती. उजव्या खुर्चीत मोहिनी. विमानतळाच्या टॉवरशी बोलणं तिच्याकडे, कॅप्टनवर आणि पडद्यांवर नजर ठेवणंही तिच्याकडे.

हल्लीचं विमान वैमानिक ओढत-ढकलत नाहीत, त्याला सांगतात. विमान निमूट ऐकतं. भानगड एवढीच, की त्याने नेमकं काय ऐकलं ते पडद्याच्या वरच्या पट्टीत बारीक अक्षरांत येतं आणि ते वाचावं लागतं. सोमेश्वरच्या समोर दोन बटणं शेजारी शेजारी होती. एक दाबलं की विमान फक्त धावपट्टीच्या दिशेची रेघ धरतं. दुसरं दाबलं की दिशाही धरतं आणि धावपट्टीपर्यंत नेणारा उतारही धरतं. या दुसऱ्याला ते लोक अप्रोच म्हणतात. सोमेश्वरला अप्रोच दाबायचं होतं. दाबलं गेलं पहिलं.

विमान त्या वेळी उतारापेक्षा थोडं वर होतं. तेव्हा सोमेश्वरने खाली जायचा वेग वाढवून ठेवला आणि उतार आला की विमान आपोआप त्याला धरेल या भरवशावर तो निर्धास्त झाला. उतार आला आणि गेला. विमानाला कुणी सांगितलंच नव्हतं, तर ते धरणार काय? ते सांगितलेल्या वेगाने ढगांतून खाली खाली जात राहिलं. सव्वा मिनिट हे दोघं चाकं, पंखांचे फ्लॅप आणि तपासणीची यादी यांत गुंतलेले, आणि मग यंत्राचा तो आवाज आला: टेरेन. टेरेन. पुल अप. म्हणजे समोर जमीन आहे, वर घ्या.

सोमेश्वरने जीव खाऊन विमान वर घेतलं. क्षणभर ढग फाटले तेव्हा मोहिनीला खाली एक पत्र्याचं घर दिसलं, आणि अंगणात दोरीवर वाळत घातलेली लाल चादर दिसली. आकाशातून माणसाला चादर दिसू नये. ती चादर तिला त्यानंतर रोज दिसत होती.

दुसऱ्या खेपेला ते सुखरूप उतरले. प्रवाशांना वाटलं, ढगांमुळे एक चक्कर मारावी लागली. ते उतरत असताना मोहिनी विमानाच्या दाराशी जाऊन उभी राहिली. सहवैमानिक सहसा असा दाराशी येत नाही. शेजारी नमस्कार करत उभ्या असलेल्या हवाईसुंदरी सायलीने तिच्याकडे वळून पाहिलं, तर मोहिनीचे ओठ नुसते हलत होते. सायलीला वाटलं, बाई देवाचं नाव घेतेय.

मग चौकशी सुरू झाली. सोमेश्वरने पहिल्याच जबाबात लिहून दिलं: मी अप्रोच लागलं का असं विचारलं आणि सहवैमानिक म्हणाली, लागलं आहे. मोहिनीने लिहिलं, मला नीट आठवत नाही. आणि हे खरंच होतं. त्या सव्वा मिनिटातलं तिला यंत्राचा आवाज आणि चादर सोडून काही आठवत नव्हतं. कॉकपिटमधलं सगळं बोलणं ध्वनिमुद्रित झालेलं होतं, ते ऐकून समितीने कागदावर उतरवलं. सोमेश्वर बोलत असतानाच टॉवरने वारा किती आहे ते सांगायला सुरुवात केली होती, त्यामुळे त्याचं बोलणं त्यात बुडालं होतं. सोळाव्या पानावर असं होतं:

कॅप्टन: (अस्पष्ट).
सहवैमानिक: High.

हाय, म्हणजे उंच. विमान उतारापेक्षा वर आहे. आणि ते तेव्हा होतंच वर! समितीला सगळं लख्ख दिसलं. सहवैमानिकाने वेळेवर सावध केलं, कॅप्टनने घाईत विमान प्रमाणाबाहेर खाली घातलं आणि आता तो तिच्यावर ढकलतोय. सायलीने तेवढ्यात निरोपही पाठवला होता, "वाचलीस गं बाई." त्या रात्री मोहिनीला तीन आठवड्यांत पहिल्यांदा झोप लागली.

सकाळी ती ओट्यावर चहा घेऊन तेच पान परत वाचत बसली होती. वाचायला होतं काय, एक शब्द. पण परीक्षेत पहिला आलेला माणूस आपलं नाव पुन्हा पुन्हा बघतो, तसं तिचं चाललं होतं. तात्याबा मेंढरं सोडायच्या गडबडीत होते. मोठी मेंढरं रानात जायची आणि दुधपिती कोकरं घरी राहायची, त्यांचा जाळीचा कोंडवाडा ओट्याला लागूनच होता. कोकरं आयांच्या मागे पळाली की दिवसाचं वाटोळं, म्हणून त्यांचं फाटक आधी लावायचं.

"मोहिने," तात्याबांनी पलीकडून हाळी दिली, "कोकरांचं फाटक लावलेलं हाय का गं?"

"हाय," मोहिनी म्हणाली.

तात्याबांनी मोठ्या मेंढरांची वाट मोकळी केली, आणि दुसऱ्याच क्षणी नऊ कोकरं तिच्या पायांवरून उड्या मारत, चहा सांडत, बें बें करत कळपात घुसली. जो गोंधळ उडाला तो विचारू नका. आतून तिची आई चतुराबाई परात हातात घेऊनच धावत आली. तिघांनी मिळून एकेक कोकरू पकडून आत टाकलं. मोहिनी हसत होती. शेवटचं कोकरू तिच्या काखेत होतं, त्याचं काळीज धडधडत होतं आणि ती हसत होती.

तात्याबा धापा टाकत जवळ आले. चिडले नव्हते. त्यांनी नुसतं विचारलं, "डोळ्यानं म्हनलीस का तोंडानं?"

मोहिनीचं हसू तिथल्या तिथे बंद पडलं.

हा प्रश्न त्यांनी तिला याआधी एकदाच विचारला होता. ती नऊ वर्षांची होती. संध्याकाळी कळप परतताना तात्याबा पुढे, ती मागे. त्यांनी पुढून विचारलं, लंगडी हाय का? लंगडी म्हणजे एक पाय अधू असलेली मेंढी, कायम मागे राहणारी. मोहिनी बोरं खात होती. ती म्हणाली, हाय. सकाळी लंगडी ओढ्यात सापडली, लांडग्याने अर्धी खाल्लेली. तात्याबांनी तिला मारलं नाही. हा प्रश्न विचारला आणि नियम घालून दिला, की मेंढीच्या पाठीवर हात ठेवल्याशिवाय हाय म्हणायचं नाही. पुढे ती वस्तीवर होती तोवर तिने तो पाळला. शहरात गेल्यावर हाय हा शब्दच तिच्या तोंडून गेला. वसतिगृहातल्या मुली तिच्या हाय-न्हाईची नक्कल करत, तेव्हा तिने दातओठ खाऊन आहे आणि नाही शिकून घेतलं. सहा वर्षं ती आहे म्हणत होती.

फक्त सोमेश्वरसमोर नाही. तो गेवराईचा. वडील मोठे जमीनदार, पुढारी, दारात कायम चार गाड्या. एरवी असल्या घरातला माणूस आणि मेंढपाळाची मुलगी एका ओट्यावर बसले नसते. पण तीस हजार फुटांवर दोघंही बीडचे होते. कॉकपिटमध्ये कामाचं बोलणं इंग्रजीत आणि ठरलेल्या शब्दांतच करायचं असा नियम आहे, पण दार बंद झालं की तो म्हणायचा, "काय पाटोदेकर, आज कावून गप?" आणि मोहिनीला माहेरी आल्यासारखं वाटायचं. तिला ते बोलणं फार आवडायचं.

आता काखेत कोकरू घेऊन ती उभी होती आणि तिला सोमेश्वरचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता. टॉवर वारा सांगतोय, ती गुडघ्यावरच्या कागदावर आकडे उतरवतेय, आणि डावीकडून तो विचारतोय, "अप्रोच लागलेलं हाय का गं?" आणि आकड्यांवरची नजर न काढता ती म्हणतेय, हाय.

तिने उंच म्हटलंच नव्हतं. तिने आहे म्हटलं होतं, आणि पट्टीकडे बघितलंच नव्हतं.

घड्याळात पावणेदहा झाले होते. तिने कोकरू आत ठेवलं, फाटक लावलं, कडी हाताने ओढून पाहिली आणि हातपाय धुवायच्या निमित्ताने हौदाकडे जाऊन बसली. तिला स्वतःची शरम वाटत होती आणि शरमेहून मोठी भीती वाटत होती. समितीत दिल्लीची, चेन्नईची माणसं. हाय म्हणजे काय हे त्यांना सात जन्मांत कळणार नाही. पुरावा त्यांच्या हातात आहे, तोही त्यांनीच लिहिलेला. तिने खोटं बोलायचीसुद्धा गरज नव्हती, नुसतं गप्प बसायचं होतं. खरं सांगितलं तर परवाना जाईल, आणि परवाना गेला की ती कोण? हे सगळं तिने दहा वेळा घोळवलं आणि दहाही वेळा उत्तर एकच आलं, गप्प बस.

दहा वाजता फोन वाजला. सोमेश्वर. चौकशी चालू असताना दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही असं बजावलेलं होतं. तिने वाजू दिला. परत वाजला. तिसऱ्यांदा तिने उचलला.

"मोहिनी, ठेवू नको. दोन मिनिटं." त्याचा आवाज तिला ओळखू येईना. "मी तुला तिथं काय सांग, काय नको सांगू, ते म्हनायला फोन केला न्हाई. आमचे आबा म्हनतेत मोठा वकील लावू, वर बोलू. मी न्हाई म्हनलं. बटन मीच चुकीचं दाबलं, ते मी लिहून दिलंय."

"मग काय सर?"

"मला एकच सांग. तू हाय म्हनलीस ते मी ऐकलं. का मला ऐकायचं व्हतं म्हनून ऐकलं? तीन आठवडे झाले, मी रोज तेच ऐकतोय. त्यांच्या कागदात तर उंच लिहिलंय. घरचे बी आता माझ्याकडं तसं बघाया लागलेत. मला येड लागलं का गं? तिथं सांगू नको वाटलं तर नको सांगू. पन मला सांग."

मोहिनीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मला आठवत न्हाई, सर."

"बरं," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. पाच मिनिटांपूर्वी ती नुसती गप्प बसणार होती. आता ती खोटं बोलली होती, आणि तेही तिच्याच भाषेत.

अकराला पाच कमी असताना ती स्लॅबवर चढली, कारण वस्तीवर नेटवर्क तिथेच लागायचं. पाण्याच्या टाकीला लॅपटॉप टेकवला. गणवेशाचा पांढरा शर्ट घातला होता, खाली घरातलीच सलवार. मोठी मेंढरं घेऊन तात्याबा आज लांब गेले नव्हते. घरामागच्या पडीक रानातच ती चारत होते, अधूनमधून वर बघत होते. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण सांगावं लागतही नव्हतं.

पडद्यावर चार चौकटी उघडल्या. तिघं समितीचे आणि एक सोमेश्वर. त्याच्या मागच्या भिंतीवर हारतुरे घेतानाचे वडिलांचे फोटो होते, आणि तो मात्र चार दिवस जेवला नसावा असा दिसत होता. समितीच्या अध्यक्ष एक पिकल्या केसांच्या बाई होत्या, बोलायला मृदू, आणि त्यामुळेच मोहिनीला त्यांची जास्त भीती वाटली. सगळं इंग्रजीत चाललं होतं.

"तुमच्यासाठी एकच औपचारिक प्रश्न आहे," बाई म्हणाल्या. "पान सोळा. तुम्ही कॅप्टनना हाय असं सांगितलंत. योग्य सूचना, योग्य वेळी. तुम्ही याला दुजोरा देता?"

एक हो. एका होचं काम होतं. मोहिनीने तोंड उघडलं, आणि खालून तात्याबांनी चुकार मेंढीला घातलेली साद वर आली. मेंढीच्या पाठीवर ठेवावा तसा तिचा हात आपोआप पुढे झाला आणि समोरच्या छापील पानावरच्या त्या दोन ओळींवर टेकला. कॅप्टन: अस्पष्ट. तिने वर पाहिलं. अस्पष्ट कॅप्टन मान खाली घालून बसला होता.

"नाही मॅडम," ती म्हणाली.

"तुम्ही हाय म्हणाला नाहीत?"

"मी हाय म्हणाले."

"तेच. हाय."

"नाही मॅडम. हाय."

समितीतले एक गृहस्थ हसले. बाईंनी चष्मा काढला. "मला फरक ऐकू आला नाही," त्या म्हणाल्या.

"ऐकू येणार नाही," मोहिनी म्हणाली. "तो इंग्रजी शब्द नाही. आमच्याकडे आहे या शब्दाला हाय म्हणतात. कॅप्टननी विचारलं, अप्रोच लागलेलं आहे का. टॉवरमुळे ते तुम्हाला ऐकू आलं नाही. मला आलं होतं. मी म्हणाले, आहे."

"पट्टीवर बघून म्हणालात?"

"नाही. मी वाऱ्याचे आकडे लिहीत होते. बघितलं नाही. नुसतं तोंडाने म्हणाले."

बाईंनी चष्मा परत घातला आणि सावकाश विचारलं, "आपण काय नोंदवायला सांगताय, याची तुम्हाला कल्पना आहे?"

"आहे," मोहिनी म्हणाली. "आणि मॅडम, तासाभरापूर्वी कॅप्टननी मला फोन केला. त्यांनी काहीही मागितलं नाही. तू काय म्हणालीस, एवढंच विचारलं. मी त्यांना आठवत नाही म्हणाले. तेही खोटं होतं."

सोमेश्वरच्या चौकटीतला माइक सुरू झाला. त्याने तळहाताने डोळे पुसले. मग भर समितीसमोर, नियम मोडून, तो एकच शब्द मराठीत बोलला. "व्हय." आणि मागोमाग इंग्रजीत म्हणाला की बटण माझं होतं, आणि पट्टी मलाही वाचायची होती, मीही वाचली नाही.

निकाल नंतर कळवू असं सांगून चौकटी एकामागून एक विझल्या. मोहिनी टाकीला टेकून बसून राहिली. परवाना राहतो की जातो, किती महिन्यांसाठी जातो, कायमचा जातो, काही माहीत नव्हतं. रडायला येत होतं आणि हलकंही वाटत होतं.

ती खाली उतरली तेव्हा तात्याबा मेंढरं सोडून ओट्यापाशी येऊन उभे होते. इंग्रजी त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण कान तिखट होता.

"त्यातलं हाय तेवढं कळलं मला," ते म्हणाले. "लई वेळा म्हनलीस. काय इचारत व्हते?"

"बघून म्हनलीस का, ते इचारत व्हते."

"आन मग?"

"खरं सांगितलं. तोंडानं म्हनले म्हनून." तिने पदर नसलेल्या खांद्याने नाक पुसलं. "आता इमान देत्याल का न्हाई ते ठाव न्हाई, दादा."

तात्याबांनी मान हलवली. विमान हा त्यांच्या लेखी दुय्यम विषय होता. मग तीन आठवड्यांत कुणी विचारला नव्हता तो प्रश्न त्यांनी विचारला.

"त्या दिशी इमानात मान्सं किती व्हती?"

"एकशे बेचाळीस."

"उतरली तवा मोजलीस?"

मोहिनीला विमानाचं दार आठवलं. पिशव्या सांभाळत, फोन लावत, तिच्याकडे न बघता एकेक करून बाहेर पडलेली ती माणसं आठवली, आणि एका म्हातारीचा हात धरून तिला पायरी उतरवून दिली होती ते आठवलं.

"मोजली," ती म्हणाली. "दारात हुबी राहून. एकूनएक."

"डोळ्यानं?"

"डोळ्यानं, दादा."

"मंग सांग की. समदी हायती का?"

तिने डोळे मिटले, ती सगळी पुन्हा एकदा दारातून जाऊ दिली, शेवटचा माणूस पायऱ्या उतरून जाईपर्यंत थांबली, आणि मगच म्हणाली.

"हायती."